पुस्तकात नसलेला बांगडा

मुलींची जुनी पुस्तकं देऊन टाकायची म्हणून दरवर्षी खोका उघडते आणि दरवर्षी तसाच बंद करते. एक पुस्तक उचललं की चार किस्से बाहेर पडतात! सगळे दोन हजार तीन-चारच्या सुमाराचे. मी घाटावरची, लग्न होऊन मालवणला आलेली. नवरा जहाजावर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. घरात मी, आठ वर्षांची सायली आणि चार वर्षांची मनू. दिवेलागणीला मी पुस्तक वाचायचे. शेजारची सुलाकाकी मासे विकून आली की रिकामी पाटी घेऊन पायरीवर ऐकत बसायची.

पहिलंच पुस्तक. "एका तळ्यात एक मासा राहत होता..."

"खंयचो मासो?" मनू.

"मासा म्हणजे मासा गं!"

"असां कसां?" काकी म्हणाली. "बाजारात येवन नुसतो मासो मागलंस तर मी काय देव?"

मी वैतागून म्हटलं, "बांगडा!"

सायली शांतपणे म्हणाली, "तळ्यात बांगडो? मग मेलेलो आसतलो!"

गोष्ट पहिल्याच ओळीत संपली.

वाचनालयातल्या गुरुजींनी मग एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. "हे न्या. मुलांवर संस्कार होतील."

चार दिवसांनी परत नेलं. "गुरुजी, मुली दुसऱ्याच पानावर झोपतात हो!"

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मग ह्या माकाच ऱ्हवांदे. माका मेली झोपच येत नाय!"

तेव्हापासून मी वाचनालयातच कपाटापाशी उभ्याने एक पान मोठ्याने वाचून बघायचे. मला स्वतःला हसू आलं तरच पुस्तक घरी.

खरी परीक्षा मात्र काकीची. एकदा गोष्टीतल्या म्हातारीची म्हैस हरवली आणि नेमकी काकीला घरून हाक आली. दुसऱ्या दिवशी भर बाजारात, गिऱ्हाईक ताटकळत असताना, मला बघून ती ओरडली, "गो, म्हस गावली?"

काकी आता नाही. म्हैस सापडली, हे ऐकून तिने केवढा सुस्कारा सोडला होता! वाचताना अजूनही माझी नजर पायरीकडे जाते.

नवरा बंदरातून फोनवर गोष्ट सांगायचा. एकदा "वाघ झाडामागे लपलो आणि..." इथे लाइन कटली. पुढचा फोन तीन आठवड्यांनी. मनूने थेट तिथूनच सुरू केलं, "बाबा, वाघ अजून थंयच आसा?"

"आसा गो," तो म्हणाला. "त्याकाय सुटी गावाक नाय!"

रिसीव्हरला कान लावून मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

शेवटी एकदाचा तो घरी आला. त्या संध्याकाळी पुस्तक त्याने हातात घेतलं. हरवलेल्या वासराची गोष्ट, मुलींची सगळ्यात लाडकी. "...आणि वासरू आईला बिलगलं. संपली!"

"नाय संपली," मनू म्हणाली. "बाबा घराक येतत तां वाच."

"कोणाचे बाबा?"

"वासराचे. सगळ्याच गोष्टींत येतत!"

त्याने पान उलटलं. पुढे नुसता कोरा पुठ्ठा. त्याने सायलीकडे पाहिलं, सायलीने माझ्याकडे. मी उगाच चादरीच्या घड्या घालायला लागले.

मनूने त्याचं बोट धरून कोऱ्या पुठ्ठ्यावर टेकवलं. "ह्या काय, हंय लिवलेला आसा. आई रोज हंयसूनच वाचता!"