सुलतानाची छत्री धरायची कुणी?

या, असे लांब का बसलात? ओढा ती खुर्ची इकडे, माझा आवाज आता पूर्वीसारखा पोचत नाही. आणि आधी थोडं रागावून घेते. तुम्ही मंडळी इंडियाला जाता, पुण्याहून शिर्डीला गाडी करता, वाटेत आमचं नगर लागतं, तिथं चहा पिता आणि पुढे सुटता. इथे मात्र तिकीट काढून विंडसरचा किल्ला बघता, कुठल्या राजाला किती बायका ते तुम्हाला पाठ. नगरच्या किल्ल्यापुढून जाताना गाडीची काचसुद्धा खाली होत नाही. ते गाव वसवलं कुणी, विचारलंत कधी? नाही ना. मग ऐका. मी काही इतिहास शिकलेली बाई नाही, शाळा माझी सातवीतच सुटली. पण लहानपणी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं आणि पुढे हाताला लागेल त्या पुस्तकातून वाचलेलं असं बरंच साठलंय माझ्याकडे.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही दोघं तेव्हा मुलाकडेच राहायचो, पिनरला. नात नऊ वर्षांची. एके दिवशी शाळेतून आली आणि दप्तर जिन्यावर टाकून म्हणाली, "आजी, स्कूलमध्ये परेड आहे. सगळे किंग आणि क्वीन होणार. ट्यूडरच्या टाइमचा कुठलाही देशाचा चालेल, असं मिस म्हणाली."

आमचे हे पेपर बाजूला ठेवून ताठ बसले. हे साताऱ्याचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सातारा त्यांच्या अंगातून हललेला नाही. म्हणाले, "झालं तर मग. महाराज. जिरेटोप मी करतो."

"अहो, महाराज पुढच्या शतकातले," मी म्हटलं. "ट्यूडर म्हणजे इथले पाचशे वर्षांपूर्वीचे राजे. त्यांच्या वेळेला आमच्या नगरचा पहिला सुलतान होता."

"सुलतान?" म्हणाले. "माझी नात सुलतान होणार?"

पण नातीचे डोळे चमकले होते. तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हणाली, सांग. मग पोळ्या लाटता लाटता सांगितलं. ह्या सुलतानाचा बाप मूळचा पाथरीच्या ब्राह्मणाचा मुलगा, लढाईत धरला गेला, मुसलमान झाला आणि चढत चढत बिदरच्या दरबारात मोठा वजीर झाला. पुढे दरबारातल्यांनीच त्याला मारलं. मुलगा तेव्हा जुन्नरकडे होता. त्यानं बिदरला सांगितलं, आता माझं मी बघतो. बिदरहून फौजा आल्या. शेवटची फौज भिंगारजवळ येऊन निवांत पडली होती, आणि यानं पहाटेच छापा घालून तिची दाणादाण उडवली. जिथं जिंकला तिथं बाग केली आणि बागेभोवती गाव वसवलं. गाव तिथंच का? तर त्याला दौलताबाद हवा होता. तो किल्ला काही लढून पडेना. मग यानं जुन्नर आणि दौलताबादच्या मधोमध बस्तान ठोकलं आणि दरवर्षी पिकं उभी राहिली की फौज पाठवायची, शेतं उजाड करायची. वर्षानुवर्षं. शेवटी मिळाला किल्ला.

बाहेरून आवाज आला, "शेतं उजाड करायची, हे चांगलं का?"

"तुम्ही पेपर वाचत होतात ना?" मी म्हटलं.

नातीला मात्र लढाईपेक्षा दोन गोष्टी फार आवडल्या. एक म्हणजे, हा सुलतान गावातून घोड्यावर निघाला की डावीउजवीकडे बघायचा नाही. नजर समोर. कुणीतरी कारण विचारलं, तर म्हणे माझी स्वारी बघायला बायका दारात येतात, दुसऱ्याच्या बायकोवर माझी नजर पडायला नको.

दुसरी गोष्ट छत्रीची. स्वतंत्र झाल्यावर यानं डोक्यावर पांढरी छत्री धरायला लावली. ती राजाची खूण. बरोबरीचे सरदार कुरकुरले, हा कालपरवापर्यंत आपल्यातलाच होता. हा म्हणाला, अहो, छत्री उन्हासाठी आहे. सरदार म्हणाले, मग ऊन आम्हालाही लागतं. हा म्हणाला, धरा की मग तुम्हीपण. झालं, जो तो छत्री घेऊन हिंडायला लागला. आता यातला राजा कोणता? म्हणून राजाच्या छत्रीला लाल कापड लावलं, बाकीच्यांच्या पांढऱ्या. भांडण नाही, तंटा नाही.

"आजी, हा खूप कूल आहे," नात म्हणाली. "मी हाच होणार. पण माझा छत्री कोण धरणार? किंग स्वतः नाही धरत."

तिथं घोडं अडलं. मुलगा आणि सून दोघांना कामावरून सुट्टी नाही. वर्गातली पोरं सगळी स्वतःच राजे. माझा उजवा खांदा तेव्हा आखडलेला, हात कानाच्या वर जात नव्हता. राहिले कोण? सहा फुटी आजोबा. तिनं जाऊन सरळ विचारलं, "आजोबा, तुम्ही माझा छत्री धराल?"

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाळ, तू दुसरं काहीही माग. सुलतानामागे छत्री घेऊन मी चालणार नाही. साताऱ्यात कळलं तर लोक काय म्हणतील?"

"साताऱ्याला कोण कळवतंय पिनरहून?" मी म्हटलं. "आणि महाराजांचे आजोबा कुणाच्या चाकरीत होते हो? ह्याच निजामशाहीच्या. मुलं होत नव्हती तेव्हा नवस कुणाला बोलले? आमच्या नगरच्या पिराला. महाराजांच्या वडिलांचं नावच त्या पिरावरून ठेवलं, असं आमच्याकडे सांगतात. त्यांना चाललं, तुम्हाला चालत नाही."

"ते वेगळं," म्हणाले.

"कसं वेगळं?"

"वेगळं म्हणजे वेगळं." आणि गेले बागेत, टोमॅटोला पाणी घालायला. पाऊस पडत होता.

पोरगी रडली नाही, हट्टही केला नाही. पण जेवताना एक शब्द बोलली नाही, आणि आमच्या घरात ती गप्प म्हणजे फ्रिज बंद पडल्यासारखं वाटायचं. मी आपली तयारीला लागले. शेजारच्या बाईंनी नवऱ्याची पांढरी गोल्फची छत्री दिली. वेम्बलीला जाऊन लाल सॅटिन आणलं, झालर शिवली. सुनेच्या आयब्रो पेन्सिलीनं मिशा काढून बघितल्या. पोरगी मागच्या बागेत चालायची प्रॅक्टिस करायची, नजर समोर, छत्री दोन्ही हातांनी धरलेली. वारा आला की सुलतान छत्रीसकट कुंपणाकडे जायचा.

परेडच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "अगं, छत्री राहू दे. नुसती तलवार घे."

ती म्हणाली, "नको. मीच धरते. तो म्हणाला होता ना, छत्री उन्हासाठी आहे? उन्हाला काय कळते कोण धरते?"

हे तिथंच बसून बूट पॉलिश करत होते. ब्रश थांबला. 

दुसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले. हे म्हणाले, मला कौन्सिलच्या ऑफिसात काम आहे. शाळेच्या प्लेग्राउंडवर ही गर्दी. मायबाप, कॅमेरे, भोंग्यासारखं काहीतरी वाजतंय. राजे एकेक करून निघाले. चार जाडे हेन्री, तोच तो सहा बायकांचा राजा, पोटावर उशा बांधलेले. सगळे हात हलवतायत, आईला शोधतायत. शेवटी आमचा सुलतान. भलीमोठी छत्री, पातळ मनगटं, मिशी एका बाजूला थोडी पुसलेली. आणि नजर? समोर. मी इकडून हाक मारली, बघेल तर शपथ.

अर्ध्या वाटेवर वारा आला. छत्री कलली, पोरगी कलली. मी उठलेच होते, तेवढ्यात गर्दीतून एक उंच माणूस मागून आला आणि त्यानं वरून दांडा धरला. डोक्याला फेटा. लग्नात बांधतात तसा, तुरा काढलेला. कौन्सिलच्या ऑफिसात फेटा बांधून कुणी जातं का?

पोरीनं हात सोडले. पण मागे वळून पाहिलं नाही. सुलतान कसा वळेल? आपली छत्री कुणी धरली हे तिला ठाऊकच नाही. खांदे ताठ करून चालत राहिली. हेडमिस्ट्रेस कडेला उभ्या राहून प्रत्येक राजाशी हात मिळवत होत्या. सुलतान त्यांच्या हाताजवळून सरळ निघून गेला. बाईंचा हात हवेत. मागच्या छत्रीवाल्यानं मोकळ्या हातानं तो मिळवला आणि अदबीनं मान लववली. सगळं प्लेग्राउंड हसलं.

भिंतीपाशी पोचल्यावर पुढे वाटच नव्हती, तेव्हा ती वळली. वर बघितलं. मग जी त्यांच्या कमरेला मिठी मारली, त्यांच्या पांढऱ्या शर्टावर अर्धी मिशी उमटली.

घरी येताना मी विचारलं, "काय हो, सातारा काय म्हणेल?"

"मी सुलतानाची नाही धरली," म्हणाले. "नातीची धरली."

"लाल झालर होती. म्हणजे सुलतानाचीच."

"लाल-पांढरं मी बघितलं नाही. माझी नजर समोर होती."

आता नात एडिनबराला शिकते, आणि आम्ही दोघं त्या छत्रीवरून अजून भांडतो. ती कुणाची धरली, हे काही ठरत नाही. फोनवर नातीला विचारलं तर ती हसते आणि दोघांनाही हो म्हणते. कुणीतरी तिऱ्हाइतानं येऊन निकाल द्यायला हवा. तेव्हा तुम्ही आमच्या घरी या. येत्या रविवारीच या, दोन्ही बाजू ऐका, मी पुरणपोळी करते. मात्र आल्याबरोबर ह्यांच्या बाजूनं बोलू नका.