कुलूपबंद पेटीसाठीचा अर्ज

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर धाकट्याने मोठीची चहाडी केली. नोकरी लागून तीन आठवडे झाले नाहीत तोच तिने साहेबांसाठी लिहिलेला मेल सगळ्या ऑफिसला पाठवून दिला म्हणे. मोठीबाई, तू हसलीस खरी, पण तुझा आवाज मला ओळखू येतो. म्हणून माझ्या नोकरीतली एक गोष्ट आता लिहून काढते आहे. तुमच्या आईबाबांनाही ती नीट ठाऊक नाही. माझ्या हातून दफ्तरात कधी काही चुकलं नाही, अशी त्यांची समजूत आहे, आणि ती मीच करून दिलेली आहे.

आमच्या शिक्षण संस्थेचं मुख्य दफ्तर परभणीत होतं आणि शाळा जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत पसरलेल्या. मी आधी इंग्रजी शिकवत असे, पुढे दफ्तराची अधीक्षक झाले. तेव्हा शाळांची पत्रं मुख्याध्यापकांच्या खासगी मेलवर येत. एका मुख्याध्यापकांचा मेल त्यांच्या जावयाने उघडून दिलेला होता आणि पासवर्ड जावयालाच माहीत. जावई रुसला की शाळेची पत्रं अडकत.

याला कंटाळून संस्थेने स्वतःचा मेल सर्व्हर घेतला. सर्व्हर म्हणजे दुधाच्या क्रेटएवढी एक काळी पेटी. ती माझ्या शेजारच्या खोलीत, इन्व्हर्टरला जोडून ठेवली. कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवणाऱ्या एक बाई होत्या, पूर्णेच्या, वडील रेल्वेत. त्यांनी ती चालू केली आणि पुढे सांभाळलीही. प्रत्येक शाळेला आपला पत्ता मिळाला. शिवाय 'दफ्तर' नावाची एक सामाईक टपालपेटी होती, ती सगळ्या शाळांना दिसे, आणि सगळ्यांची मिळून एक दिनदर्शिका.

दिनदर्शिकेचा फायदा पहिल्याच हिवाळ्यात दिसला. तोवर तीन शाळांची स्नेहसंमेलनं एकाच दिवशी, एकाच पाहुण्याला बोलावून होत आणि पाहुणे तिन्हीकडे उशिरा पोचत. आता तारखा आधीच दिसू लागल्या. पण गंगाखेडकडच्या एका सरांनी त्याच दिनदर्शिकेत पुतण्याच्या लग्नाची तारीख टाकली. ती सगळ्या शाळांना दिसली आणि लोकांनी ते आमंत्रण मानलं. सर पुढच्या बैठकीत म्हणाले, "माणशी चार पुऱ्या धरल्या होत्या, अर्धा जिल्हा जेवून गेला. पण पत्रिका छापायचा खर्च वाचला."

आता माझ्या पद्धतीबद्दल. आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढवायचा, त्यावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, फाईलला लावायचा आणि टेबलावरून उचलायचा. संध्याकाळी टेबल रिकामं दिसलं पाहिजे. साडेपाचला आमचे शिपाईमामा कचऱ्याची टोपली रिकामी करत आणि मी दिवा मालवत असे. मेल आले तेव्हा मी त्यांनाही हाच नियम लावला. मेल छापायचा, शिक्का, क्रमांक, फाईल. मग पडद्यावरून काढून टाकायचा. साडेपाचला मामा खालची टोपली रिकामी करत आणि मी पडद्यावरची. त्यात मला मोठं समाधान होतं. बाई एकदा म्हणाल्या होत्या, "म्याडम, जागा लय हाय. राहू द्या की." मी त्यांना म्हटलं, जागा असली म्हणून पसारा करायचा नसतो.

असं दीड वर्ष चाललं.

मग एके दिवशी चारठाण्याच्या पुढच्या खेड्यातल्या आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षिका दफ्तरात आल्या. पहिल्या एसटीने निघाल्या होत्या, साडीच्या काठावर धूळ होती. त्यांच्या नेमणुकीला अजून सरकारी मान्यता मिळाली नव्हती. मान्यतेचा प्रस्ताव मुदतीत दिला होता की नाही, यावर आठ दिवसांनी सुनावणी होती. मुदतीत दिल्याचा पुरावा एकच, शिक्षण कार्यालयाने प्रस्ताव स्वीकारल्याची तारखेच्या शिक्क्याची पोच. ती दाखवता आली नाही तर नोकरी जाणार होती. शाळेतली मूळ पोच कपाटातल्या इतर कागदांबरोबर वाळवीने खाल्ली होती. पण तिथल्या मुख्याध्यापक सरांनी ती स्कॅन करून आमच्या सामाईक पेटीत पाठवली होती. त्यांच्याकडची प्रत शाळेच्या जुन्या संगणकाबरोबर गेली होती.

"सर म्हणले, काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "म्हणले, मॅडमच्या दफ्तरातून कागद कुठं जात न्हाई."

मी नोंदवही उघडली. क्रमांक सापडला. फाईल काढली. माझ्या हातचा शिक्का, माझ्या हातचा क्रमांक, सगळं जागच्या जागी. खाली छापलेल्या मेलमध्ये दोन ओळी: प्रस्तावाची पोच सोबत जोडली आहे, माहितीसाठी सादर. आणि पुढे काही नाही. शाई वाचावी म्हणून मी त्या दिवसांत जोडलेले कागद छापत नसे. मूळ प्रत शाळेत असतेच, असं धरून चालले होते. पडद्यावरचा मेल त्याच संध्याकाळी मी पुसला होता.

शिक्षिका माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "शोधून ठेवते. दोन दिवसांनी फोन करा." त्या पाणी पिऊन गेल्या. शोधण्यासारखं काही नाही हे मला तेव्हा माहीत होतं.

मी शेजारच्या खोलीत गेले आणि संगणकाच्या बाईंना सांगितलं. त्यांनी फाईल पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"टोपली पण रिकामी केली?"

"रोजच करते."

"माहीत हाय मला. मामा सांगत होते, म्याडम दोन टोपल्या साफ करायल्यात." त्या जराशा हसल्या. "म्हणून तर मी पहिल्याच महिन्यात एक सोय करून ठेवली. येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत आपोआप दुसऱ्या पेटीत पडते. ती कुलूपबंद हाय. तुमाला दिसत न्हाई, मला पण एकटीला उघडता येत न्हाई. माझा पासवर्ड आणि संस्थेच्या सचिवसाहेबांचा, दोन्ही लागतात. आणि त्याआधी लेखी अर्ज, कशासाठी उघडायची ते कारण लिहून. त्यावर खाली मी सही करायची, कारण खरं हाय म्हणून."

एवढं ऐकून माझ्या जिवात जीव आला. लगेच खुर्चीत बसून अर्ज लिहिला. भाषा माझ्या हाताला सरावाची होती: 'तांत्रिक बिघाडामुळे सदर मेल दफ्तराच्या पेटीत उपलब्ध होत नसल्याने…'

बाईंनी तो वाचला आणि परत माझ्यासमोर ठेवला.

"तांत्रिक बिघाड कधी झाला, म्याडम?"

मी पेनाला टोपण लावलं.

"सर्व्हर एक दिवस बंद पडलेला न्हाई. मी त्याला बिघडला म्हणून सही करणार न्हाई. उद्या कुणी विचारलं की असला बिघडणारा सर्व्हर कशाला ठेवलाय, तर मी काय सांगू?"

त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या. मला राग आला. तो कागद मी पर्समध्ये घालून घरी नेला आणि दोन दिवस काहीच केलं नाही. अधीक्षकाने आपल्याच नोंदवहीत आपली चूक चढवायची, तिला क्रमांक द्यायचा, आणि ती फाईल पुढच्या कोणत्याही अधीक्षकाने उघडावी, हे मला जमत नव्हतं. तिसऱ्या दिवशी शिक्षिकेचा फोन आला. मी "शोध चालू आहे" म्हणाले. फोन ठेवल्यावर मला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: 'मेलला जोडलेली पोच मी छापून घेतली नाही. मेल माझ्या हाताने पुसला. त्यामुळे एका शिक्षिकेची नोकरी धोक्यात आली आहे. तरी कुलूपबंद पेटी उघडण्यास परवानगी मिळावी.'

बाईंनी खाली सही केली.

पाचव्या दिवशी सचिवसाहेब उसाच्या फडातून आले, पायात चिखलाच्या चपला. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "आमाला वाटायचं, चुका फक्त आमीच करतोय," ते म्हणाले. "बरं वाटलं, म्याडम." आणि त्यांनी आपला पासवर्ड एका बोटाने, अक्षर शोधत शोधत टाकला.

पोच मिळाली. स्कॅन आडवा आणि तिरका होता, पण शिक्क्यावरची तारीख वाचता येत होती.

त्याच दिवशी मी शिक्षिकेला बोलावून घेतलं आणि फोनवर न सांगितलेलं समोर बसून सांगितलं. मला वाटलं होतं, पोच हातात आल्यावर त्या आनंदाने म्हणतील, जाऊ द्या मॅडम. तसं झालं नाही.

"पाच दिवस माझ्या घरी कुणी धड जेवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमाला पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? मी दुसरीकडं धावपळ केली असती."

"मला माझी चूक झाकायची होती," मी म्हणाले.

त्यांनी पोचेची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "मलाबी मेलवर पाठवा. सरांना पण पाठवा. आणि एक तुमच्यापाशी ठेवा." मी त्यांच्यासमोर मेल पाठवला. त्यांनी आपला मोबाईल उघडून आला का ते पाहिलं, आणि मगच त्या उठल्या.

सुनावणी त्यांच्या बाजूने झाली. त्यानंतर बाईंनी सामाईक पेटीतून मेल पुसण्याचा माझा अधिकार काढून घेतला. त्या मला विचारायला आल्या होत्या, मी हो म्हणाले. पुढे निवृत्त होईपर्यंत माझ्या पडद्यावर पसारा राहिला आणि हळूहळू त्याची सवय झाली.

शिक्षिका अजून त्याच शाळेत आठवीला विज्ञान शिकवतात. मला भेटल्या तर बोलतात, पण बेतानेच. आणि माझा तो दुसरा अर्ज, माझ्या अक्षरात, आवक क्रमांक घातलेला, परभणीच्या दफ्तरात त्या वर्षाच्या फाईलमध्ये आहे.