काकूंचं कोरं पाणी

सत्तेचाळिसाव्या वर्षी काकू विद्यापीठाच्या जलसंशोधन प्रयोगशाळेत विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या, तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "मुलाला डबा द्यायला आलात का?" मुलगा केव्हाच नोकरीला लागून परगावी गेला होता. काकूंनी ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं आणि ताठ मानेनं आत गेल्या.

आत सगळे त्यांना काकूच म्हणू लागले. मॅडमसुद्धा. या मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख, काकूंपेक्षा नऊ वर्षांनी लहान, पण तोलूनमापून बोलणाऱ्या. "एक महिना बघू," त्या म्हणाल्या. "तळ्याच्या पाण्यात फॉस्फेट किती आहे, ते तुम्ही मोजायचं. पण आधी कोरं पाणी. बाटलीत शुद्ध पाणी घ्या, हे रसायन घाला. फॉस्फेट असलं तर निळं होतं, नसलं तर नितळ राहतं. लागोपाठ तीनदा नितळ राहिलं की जागा तुमची. नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार वाट बघतोय."

काकूंना हसूच आलं. स्वच्छतेची परीक्षा, आणि ती काकूंची? माशाला कुणी पोहायला शिकवतं का! त्यांच्या घरात डाग म्हणून जन्माला यायचीच कुणाची छाती नव्हती. आता दुखणं एकच होतं, ते म्हणजे त्यांचे यजमान, ओघानंच काका. "तू शीक, भांडी मी बघतो," असं ते मोठ्या मनानं म्हणाले होते. बघतो म्हणजे काय, तर कपात पाणी घ्यायचं, तीनदा गरागरा फिरवायचं, ओतायचं, कप पालथा. झाली भांडी! साबणाला हात म्हणून नाही. रोज सकाळी काकू तीच भांडी मुकाट्यानं पुन्हा घासत. काकांना ते ठाऊक होतं, पण तेही मुकाट्यानं बाजूला सरकून जागा करून देत.

प्रयोगशाळेत सिंकच्या वर पाटी होती: 'बाटल्या आम्लात बुडवा. शुद्ध पाण्यानं तीनदा विसळा. पालथ्या घाला. साबण नको.' काकूंनी ती वाचली. साबण नको ही सवलत आळशी पोरांसाठी असणार, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पाटीवरचं बाकी सगळं त्यांनी इमानेइतबारे केलं, आणि मग पर्समधून घासणी आणि भांड्यांची पावडर काढून प्रत्येक बाटलीवर आपला शेवटचा हात फिरवला.

पहिलं कोरं पाणी निळं झालं. काकूंनी दुसऱ्या दिवशी पावडर वाढवली, तर ते जास्तच निळं. तिसऱ्या आठवड्यात ते शाळेच्या गणवेशाच्या रंगाला जाऊन भिडलं. "काकू, समुद्रच काढलात की!" लंबू नावाचा सिनियर पोरगा म्हणाला. शुद्ध पाण्याच्या यंत्रावर संशय गेला. यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञानं ते दोनदा उघडलं, शिव्या घालत बंद केलं, त्यात काही सापडेना. बसमधून घरी जाताना काकूंनी डोळे पुसले. लोक हसतील याची त्यांना फिकीर नव्हती. उद्या सकाळी उठून कुठंच जायचं नसेल, याची मात्र फार भीती वाटत होती.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. काकूंनी सकाळीच येऊन सगळ्या बाटल्या फेसात बुडवल्या, आणि नेमक्या मॅडम लवकर आल्या. "चला, माझ्यासमोर करा."

काकू सिंकला पाठ लावून उभ्या राहिल्या. हाताशी कोरडी बाटली एकही नाही! होती ती पर्समधली, घरून प्यायचं पाणी आणायची काचेची. काकांनी धुतलेली, बस चुकेल म्हणून आज पुन्हा घासायची राहून गेली होती. आलिया भोगासी म्हणत काकूंनी ती रिकामी केली, शुद्ध पाणी घेतलं आणि तीनदा गरागरा फिरवून ओतून दिलं, थेट काकांसारखं. मग कोरं पाणी भरलं, रसायन घातलं.

दहा मिनिटं कुणी हललं नाही. पाणी नितळ. पुन्हा केलं, नितळ. तिसऱ्यांदाही नितळ.

"छान," मॅडम म्हणाल्या. "काय बदललंत?"

गप्प राहिल्या असत्या तर जागा खिशात होती. पण तंत्रज्ञ कोपऱ्यात त्या बिचाऱ्या यंत्राकडे अजून रागानं बघत होता. काकू बाजूला सरकल्या. सिंकमध्ये फेसाचा डोंगर.

"पावडरीत फॉस्फेट असतं ना, मॅडम?"

"भरपूर. पाटी वाचली नव्हतीत?"

"वाचली होती. पटली नव्हती."

मॅडम महिन्यात पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. "जागा तुमची. ती घासणी तेवढी माझ्याकडे द्या."

संध्याकाळी घरी पाऊल टाकताच काकूंनी सांगितलं, "मिळाली जागा." कशी मिळाली, ते सांगायला जीभ रेटेना. काकांनी खूश होऊन चहा टाकला आणि सवयीनं सिंकपासून बाजूला सरकले. काकूंनी ओट्यावरचा पालथा कप उचलला, सुलटा केला आणि तसाच त्यांच्यापुढे धरला.

"ओता."

काकांनी कपाकडे बघितलं, मग बायकोकडे.

"का गं? साबण संपला का?"