गुलाबी बाटल्या

सोमवारी सकाळी ताईंनी उबदार कपाटाचं दार उघडलं. पुढच्या पाचही बाटल्या गुलाबी झाल्या होत्या.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताईच म्हणत, वयाने मोठ्या असलेल्या प्रमुख मॅडमसुद्धा. सुरुवात भांडी धुण्यापासून झाली होती. पण हात हलका आणि नजर तिखट, म्हणून नऊ वर्षांपूर्वी मॅडमनी या बाटल्या त्यांच्यावर सोपवल्या. समुद्रतळाच्या चिखलातून आणलेले आर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्यांत वाढत. वाढत कसले, रांगत! एकाचे दोन व्हायला तीन-तीन आठवडे. हवा लागली की खेळ खलास. म्हणून पाण्यात एक रंग घातलेला असे. प्राणवायू शिरला की तो गुलाबी होई.

शनिवारी या पाच बाटल्या उघडलेल्या असतानाच शाळेतून फोन आला होता, लेक तापाने फणफणली होती. बाटल्यांमधली हवा हाकलायला नायट्रोजन वीस मिनिटं सोडायचा असतो. ताईंनी दहा मिनिटांत उरकलं, वहीत मात्र 'वीस' लिहिलं आणि पळाल्या.

सिलिंडरच खराब निघाला म्हटलं की झालं, कोण बघायला आलंय? पण मॅडम आत आल्या, तशा ताई एका दमात बोलून गेल्या, "मॅडम, दहाच मिनिटं सोडला मी. वीस खोटं लिहिलंय."

मॅडमनी पाचही बाटल्या एकेक करून उजेडात धरून पाहिल्या. ओरडल्या असत्या तरी चाललं असतं, असं ताईंना वाटलं.

"शनिवारी न उघडलेली एखादी आहे?"

"मागची, जुनी. तिच्यात काही जिवंत असेल की नाही, देव जाणे."

"तिच्यातून नव्या लावा. तुम्हीच लावा."

"मीच? एवढं होऊनही?"

"तुमच्याइतका हलका हात इथे कुणाचा आहे?"

ताईंनी घड्याळ लावून पूर्ण वीस मिनिटं नायट्रोजन सोडला, मगच सुई रबरी बुचातून आत घातली.

मग चार महिने नुसती वाट बघणं. घरीही ताई त्या बाटल्यांचंच बोलत. "अगं, पोरीच्या डब्यालाही बूच लावशील एखाद्या दिवशी," नवरा म्हणाला. ताईंना हसू आलं नाही. त्या जिवांचं मोल त्यांना ठाऊक होतं. आपल्या पेशींत आवरण वाकवणारी प्रथिनं असतात, थेट तशीच त्या जिवांतही होती. अशाच कुणा पूर्वजापासून आपली गुंतागुंतीची पेशी घडली असावी, असं मॅडम म्हणत. हे सगळं आपल्या दहा मिनिटांपायी मातीत गेलं, तर?

सतराव्या आठवड्यात मॅडमनी हाक मारली. ताईंनी जाऊन डोळा लावला. सूक्ष्मदर्शकात इवल्याशा गोलांना लांबलचक हात फुटले होते, आणि त्या प्रथिनांतलं एक, रंग लावून चमकवलेलं, नेमकं हातांच्या मुळाशी दिसत होतं.

"म्हणजे हेच आवरण वाकवतंय?" ताईंनी विचारलं.

"शक्यता आहे. खात्री व्हायला वेळ लागेल. पण जगलेत, ताई."

रडू आवरल्यावर ताई म्हणाल्या, "सगळ्या एकाच कपाटात नकोत आता. निम्म्या समोरच्या इमारतीत ठेवू."

त्याच दुपारी त्या बाटल्या घेऊन निघाल्या. लिफ्टवर त्यांचा भरवसा नव्हता. भिंतीला धरून, पावलाने पायरी चाचपत, त्या एकेक मजला उतरत गेल्या.