गळतीमावशी पाण्याखाली जातात

बंदरावरच्या डायव्हिंगच्या दुकानामागे एक लांबट खोली होती. गोड्या पाण्याचे दोन टब, भिंतीला लाकडी खुंट्या, खिडकीशी टेबल आणि टेबलापाशी नाकावरचा चष्मा सावरत बसलेल्या गळतीमावशी. दुकान त्यांच्या भाचीचे. ती मावशी म्हणते म्हणून सगळे बंदर त्यांना मावशी म्हणू लागले. ‘गळती’ ही पदवी मात्र त्यांनी स्वतः कमावली होती. कान मोठा तिखट. सिलिंडरच्या तोंडाशी जराशी हवा फुसफुसली, की खोलीच्या दुसऱ्या टोकावरून त्या विचारत, “कोण कुजबुजतंय तिकडे?”

समुद्रातून वर आलेल्या प्रत्येक वस्तूला त्यांच्या हातून आंघोळ घडे. रेग्युलेटर, म्हणजे ज्यातून पाण्याखाली श्वास घेतात ते यंत्र, टबात सोडण्याआधी त्याचे झाकण घट्ट बसवायचे. भिजत असताना कुणी त्याचे बटण दाबले, की मावशींचा पारा चढलाच. “अहो, आत पाणी शिरलं की गंज धरतो. श्वासाचं यंत्र आहे ते, कारंजं नव्हे!” हवेने फुगणारे जॅकेट उलटे धरून त्याच्या पोटातले खारे पाणी काढायचे, सगळे सावलीत वाळवायचे, आणि संध्याकाळी रांगेतल्या प्रत्येक सिलिंडरची चावी हाताने फिरवून बंद करायची. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. हातावर होता.

घरीही तेच. छत्री धुवायची, चपला धुवायच्या, सगळे सावलीत. यजमान म्हणत, “माझी कवळी तेवढी खुंटीला टांगू नकोस म्हणजे झालं!”

पण इतक्या लोकांना पाण्याखाली धाडणाऱ्या मावशी स्वतः कधी गुडघाभर पाण्यापुढे गेल्या नव्हत्या. आधी भीती, मग काम, मग गुडघे. वर आलेली माणसे कासवांच्या गोष्टी सांगत. मावशी “हो का?” म्हणत आणि पट्ट्यावरची वाळू झटकत. आतून मात्र जीव तुटायचा.

यंदा त्यांनी ठरवलेच. भाचीकडून पोहण्याच्या तलावात रीतसर शिकल्या. डॉक्टरांनी छाती, कान तपासून परवानगी दिली, जाता जाता म्हणाले, “पुढच्या वर्षीचं मी आज सांगत नाही हं, आजी.” आणि आजची ही हंगामातली शेवटची बोट होती. आज नाही, तर बहुधा कधीच नाही.

बोटीवर मावशींनीच घातलेला एक नियम होता. उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचे सामान तपासायचे, आणि ज्याच्या सामानात खोट निघेल त्याने ती फेरी बोटीवर बसून काढायची. डोके थंड झाले की पुढच्या फेरीला. कुणाची गय नाही.

भाचीने मावशींचे पट्टे ओढून पाहिले, जॅकेट फुगवून पाहिले. “आता श्वास घे आणि हवेचा काटा बघ.”

पहिला श्वास छान आला. दुसराही आला, पण हवेचा काटा घसरगुंडीवरून सुटल्यासारखा खाली गेला. तिसऱ्याला मावशींनी नुसतीच नळी चोखली.

सिलिंडरची चावी बंद! सकाळी सामान जोडताना त्यांनी ती उघडली होती. मग बोटीवर जागेकडे जाताना हात सवयीने रांगेतल्या त्यांच्याच सिलिंडरवर पडला आणि चावी फिरवून मोकळा झाला. नळीत उरलेल्या हवेने दोन श्वास निभावले, इतकेच.

सगळी बोट खो खो हसली.

“नियम कुणाचा हो, मावशी?” बोटवाल्याने डिवचले.

“माझाच. बसते ना, कुठे नाही म्हणतेय?”

“अगं, सापडलं ना वरच्या वर!” भाची कळवळली. “चावी उघडली की झालं. वारा वाढला तर दुसरी फेरी होणार नाही.”

“हात एकीकडे आणि डोकं भलतीकडे, अशी बाई पाण्यात नको. तू जा. बाकीचे खोळंबलेत.”

फेरी गेली. मावशी ओल्या फळीवर बसून लाटांकडे पाहत राहिल्या. लांबवर पाणी जरा काळवंडले.

“मावशी, वाऱ्याला चावी नसते का एखादी?” बोटवाला म्हणाला.

“असती तर तुझ्या तोंडाला बसवली असती आधी!”

पण वाऱ्याला लाज वाटली असावी. तो वाढला नाही. भाची वर आली, विश्रांती घेऊन नवे सिलिंडर लावले, पुन्हा सगळे पहिल्यापासून तपासले. या वेळी मावशींनी भरपूर श्वास घेतले. काटा ढिम्म हलला नाही.

मग पाणी डोक्यावरून गेले.

पहिल्यांदा ऐकू आला तो आवाज. आत जाताना सुस्कारा, बाहेर येताना गुडगुड. टेबलावर हजारदा ऐकलेला, पण आज तो त्यांचा स्वतःचा होता. खडकावर जांभळी झुडपे डुलत होती. इवल्या माशांचा थवा वळला आणि चांदीचा झाला. मावशींनी मान वर केली. त्यांच्या श्वासाचे बुडबुडे उजेडाकडे पळत होते. आयुष्यात पहिल्यांदाच बुडबुडे पाहून त्या खूश झाल्या.

तेवढ्यात त्यांची नजर भाचीच्या खांद्याकडे गेली.

त्यांनी तिकडे बोट दाखवून ‘काहीतरी बिघडलंय’ अशी खूण केली. भाचीने ती ओळखली, दोघींचे काटे पाहिले आणि अंगठा वर केला, म्हणजे ‘वर चल’. श्वास न रोखता, सावकाश, दोघी वर आल्या.

बोटवाल्याने हात दिला. “बोला मावशी, काय काय पाहिलं?”

“हिच्या नळीच्या सांध्यातून बुडबुडे येताहेत. रबरी कडी गेलीय. आजच बदलते.”

“आणि मासे?”

“होते की!” मावशींनी मास्क काढला. चेहराभर हसू, गालांवर मास्कचे वळ. “एक पिवळा तर अगदी नाकाशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, थांब रे राजा, आधी मला हिची नळी बघू दे!”