काढलेल्या प्लगातही करंट होता

मंडळी, आज दुपारी माह्या चुकीनं बायकोले, सुमनले, शॉक लागला.

मी आयटीआयमधून रिटायर झालेला वायरमनचा मास्तर. घरी टेबलावर छोटी रेल्वे मांडली हाये. रूळ बदलायच्या सांध्यांले एक ट्रान्सफॉर्मर पुरेना, म्हणून दुसरा त्यालेच जोडला.

झाडताना सुमननं एकाचा प्लग काढून हातात धरला. दुसरा चालूच होता. त्याचा करंट जोडलेल्या वायरींतून उलटा फिरून काढलेल्या प्लगच्या पिनांत आला. तिची बोटं भाजली, डोकं भिंतीवर आपटलं.

डॉक्टरनं विचारलं, "कसं झालं?"

"माहाच हात ओला होता," ती म्हणाली.

हात कोरडा होता.

तिथं बोललो नाही, म्हणून इथं लिहून राह्यलो. तुमी बोलले असते का?