बेचाळीसच्या उन्हात उणे चाळीस

उदगीरच्या एका कॉलेजात मी पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि उरलेल्या वेळात गावोगावी अंधश्रद्धेवर व्याख्यानं दिली. त्यामुळे नवी गाडी घेताना बायको शोरूममध्ये नारळ घेऊन आली, तेव्हा मी सेल्समनच्या देखत तिला सुनावलं, "यंत्राला पूजा लागत नसते, सर्व्हिसिंग लागतं." सेल्समनने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आम्ही नारळाची चटणी खाल्ली.

तिसऱ्या उन्हाळ्यात गाडीला खोड लागली. सकाळी सुरू होताना खोकायची, काळा धूर सोडायची, पेट्रोल ढोसायची, आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा कायम पेटलेला. लातूरच्या वातानुकूलित वर्कशॉपमध्ये मला काचेआड बसवून चहा पाजला आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर बदलला. घरी पोचेपर्यंत दिवा पुन्हा हजर. परत नेली, तर त्यांनी तोच सेन्सर पुन्हा बदलला. गाडी धुऊन मात्र झकास दिली, हे कबूल केलं पाहिजे.

शेवटी बायको म्हणाली, तुमच्या त्या विद्यार्थ्याला दाखवा. त्याचं गावातच गॅरेज होतं. बारावीला मी त्याला भर वर्गात सांगितलं होतं, की वीज हा विषय तुझ्या डोक्यात शिरणं शक्य नाही. बायकोला बाजारात जायचं होतं, म्हणून तीही सोबत आली.

त्याने आधी वाकून पाया पडून घेतलं, मग स्कॅनर जोडला. "सर, गाडीच्या मतानं बाहेर उणे चाळीस हाय. म्हणून लई पेट्रोल सोडून राहिलीय."

बाहेर बेचाळीस होतं. डांबर चपलेला चिकटत होतं.

थंडीत अशा सेन्सरचा रोध का वाढतो, हे मी लगेच समजावायला घेतलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग सेन्सरचं सॉकेट काढलं आणि त्यातल्या दोन्ही वायरी तारेच्या तुकड्याने जोडल्या. "आता आकडा वर गेला तर सेन्सर बाद. न्हाई हलला तर वायर तुटलेली." आकडा जागचा हलला नाही. "बिचाऱ्या सेन्सरला उगंच दोनदा काढलं बघा," असं म्हणत तो वायर चाचपत बॅटरीच्या मागे निघाला.

तिथे काय आहे, हे फक्त मला ठाऊक होतं. गाडी घेतली त्या महिन्यात दोन सहकाऱ्यांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं, आणि दुसऱ्याच दिवशी एक ट्रक तिला घासून गेला. योगायोग होता, हे मला कळत होतं. तरीही पुढच्या अमावस्येला मी पार लातूरपलीकडच्या मुरुडला गेलो, कारण तिथे मला कुणी ओळखत नाही, आणि लिंबू, मिरच्या, बिब्बा ओवलेली माळ आणली. पुढे टांगली तर व्याख्यानांची बोंब. म्हणून बॉनेटच्या आत, बॅटरीमागे, वायरींच्या जुडग्याला तारेने आवळून बांधली. नंतर विसरूनही गेलो.

त्याने ती बाहेर ओढली. लिंबाचं काळं बोंड, मिरच्यांची देठं. तारेने वायरीचं आवरण कापलं होतं, आत लिंबाचा रस उतरून तांबं हिरवं पडलं होतं आणि शेवटी तुटलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यावर नुसता संशय आला याचीच त्याला लाज वाटलेली दिसली. तो बायकोकडे वळला. "काकू, तुमी बांधलं व्हय?"

एका शब्दाचं काम होतं. पण परवा जळकोटला माझं व्याख्यान होतं, आणि हा पोरगा अजून माझ्या पाया पडत होता. मी चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

"हाव, मीच बांधलं," बायको म्हणाली.

"सरांच्या घरात राहून असं कसं वो काकू," तो हसला. त्याने वायर जोडली, दिवा विझला, आणि आम्ही निघताना त्याने तिला सांगितलं, "सरांचं ऐकत जावा."

गाडी सुरेख पळत होती. मला स्वतःची किळस येत होती. बाजार जवळ आल्यावर मी विचारलं, "तू खोटं कशाला बोललीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," ती पिशवी सावरत म्हणाली. "लई वेळ थांबले."